तुळू: शेतातली महाकाव्यं

कर्नाटकातले दक्षिण कन्नड आणि उडुपी हे जिल्हे आणि केरळातल्या कासरगोडचा उत्तर भाग मिळून तुळुनाडू होतो. २०११च्या जनगणनेत १८ लाखांहून अधिक लोकांनी तुळू ही मातृभाषा नोंदवली. ती कन्नडची बोली नव्हे. द्राविड कुळातली स्वतंत्र भाषा आहे.

तिचं खरं धन पाड्दनांत, म्हणजे तोंडी कथागीतांत. गुडघाभर चिखलात भातलावणी करताना एक बाई ओळ उचलते, बाकीच्या मागून म्हणतात आणि रोपं लागत जातात. शूर, परागंदा, अन्यायानं मेलेली माणसं दैवत कशी झाली, ते ही गाणी सांगतात. भूतकोल या दैवतांच्या उत्सवाच्या रात्री तीच दैवतं अंगात येऊन गावाचे तंटे ऐकतात. फिन्निश अभ्यासक लाउरी होंको यांनी गोपाल नायक या शेतकरी गायकाकडून अशाच दैवत झालेल्या सिरी या स्त्रीची कथा ध्वनिमुद्रित केली: १५ हजारांहून अधिक ओळी, सगळ्या तोंडी!

तुळुनाडूबाहेर, मुंबईच्या उडुपी हॉटेलांच्या गल्ल्यावर आणि भटारखान्यात तुळू पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. दिवसा कपबश्या विसळून रात्रशाळेत शिकलेली कितीतरी मुलं याच भाषेची.

तुळूची ताडपत्रांवरची जुनी तिगळारी लिपी मागे पडली. एकोणिसाव्या शतकात बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेच्या छापखान्यानं कन्नड लिपी रूढ केली. २०२४मध्ये त्या जुन्या लिपीला तुळू-तिगळारी या नावानं युनिकोडमध्ये जागा मिळाली. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत मात्र तुळू अजून नाही, आणि तिला तिथे जागा द्यावी ही तुळू भाषकांची मागणी पूर्णपणे रास्त आहे.