छोटी खोली, छोटी पेटी आणि भरदार खर्ज

पानटपरीवर किंवा रस्त्याकाठच्या ढाब्यावर मातीच्या माठावर बसवलेला स्पीकर आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तोच स्पीकर नुसता टेबलावर ठेवून लावला, तर आवाज चिरका येतो. माठाच्या तोंडावर बसवला की डग्ग्याची घुमक ऐकू येऊ लागते. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. स्पीकर मोकळा असेल, तर या दोन्ही लहरी कडेने वळून एकमेकींना मिळतात व खालचे स्वर नाहीसे होतात. जमा आणि नावे सारखेच झाले की शिल्लक शून्य उरावी, तसे. माठ मागची लहर कोंडून ठेवतो. चांगल्या पेटीचे पहिले काम एवढेच आहे.

जिंतूरसारख्या गावांत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी व्यापारी घरे अनेक. बैठकीची खोली बहुधा १० बाय १२ फुटांची. अशा खोलीत मोठा तयार संच आणला, तर भिंती थरथरतात. परंतु आजोबांना तानपुऱ्याचा खर्ज काही स्पष्ट ऐकू येत नाही. शेजारच्या खोलीत अभ्यासाला बसलेल्या नातवाला मात्र नको असलेला ठोका ऐकू येत राहतो. पैसे खर्च होतात, समाधान मिळत नाही. म्हणून खरेदीपूर्वी थोडे गणित मांडलेले बरे.

किती खोल आवाज हवा?

काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज सुमारे १३८ हर्ट्झचा असतो. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे ६९ हर्ट्झची. भजन, नाट्यगीत, जुनी चित्रपटगीते आणि शास्त्रीय गायन यांसाठी ७० हर्ट्झच्या आसपास स्वच्छ पोहोचणारी पेटी पुरेशी आहे. २० हर्ट्झचा हव्यास धरण्याचे कारण नाही.

या क्षेत्रात एक व्यावहारिक नियम प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील अँटन हॉफमन यांच्या नावाने तो ओळखला जातो. लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी विजेत मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. दोन घ्याव्यात, तिसरी सोडावी. छोट्या खोलीत मोठ्या आवाजाची गरजच नसते. तेव्हा तिसरी सोडणे आपल्याला परवडते. १९५४ साली एडगर व्हिलचर यांनी हवाबंद छोट्या पेटीचा स्पीकर बाजारात आणला. त्यांनी पेटीत कोंडलेल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून घेतला होता.

मापाचे गणित

ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात पेटीचे माप काढण्याची रीत घालून दिली. चांगल्या वूफरसोबतच्या कागदावर तीन आकडे असतात. एफएस म्हणजे वूफरचा स्वतःचा नैसर्गिक स्वर; क्यूटीएस म्हणजे पडद्यावरचा ताबा (आकडा जितका लहान, तितका ताबा अधिक); व्हीएएस म्हणजे पडद्याच्या लवचिकतेइकी लवचीक हवा, लिटरमध्ये.

समजा, साडेसहा इंची वूफरचे आकडे ५० हर्ट्झ, ०.४५ आणि ३० लिटर असे आहेत. बंद पेटीत क्यूचा आकडा ०.७ यावा, हे उत्तम. ०.७ ला ०.४५ ने भागल्यास १.५६ येतात, त्यांचा वर्ग २.४२, त्यातून १ वजा केल्यावर १.४२. आता ३० ला १.४२ ने भागा. पेटी २१ लिटरची हवी. ५० ला १.५६ ने गुणले की पेटीतील वूफरचा स्वर ७८ हर्ट्झ येतो.

आतून ३५ सेंटिमीटर उंच, २२ रुंद आणि २७.५ खोल ठेवल्यास २१ लिटर भरतात. तिन्ही मापे जाणूनबुजून वेगवेगळी आहेत. समान ठेवल्यास एकच स्वर पेटीतच घुमू लागतो.

सुताराकडून १८ मिलिमीटरचा प्लाय किंवा एमडीएफ कापून घ्यावा. सांधे गोंदाने व स्क्रूने पक्के करावेत आणि फटी बुजवाव्यात. हवा गळाली, तर गणित कोलमडते. आत उशीत भरतात तो पॉलिस्टर फायबर सैल भरावा. कापूस आपल्या भागात मुबलक असला, तरी तो ओल धरतो आणि त्यात जीवजंतू होण्याची शक्यता असते, म्हणून टाळावा. वरच्या स्वरांसाठी ट्वीटर व क्रॉसओव्हर वूफरला जुळणारे घ्यावेत. हे सुटे भाग पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात.

खोली हीच दुसरी पेटी

नेमगिरीच्या गुहा-मंदिरात वाकून प्रवेश करून हळू आवाजात गुणगुणल्यास एखादा स्वर आपोआप भरून येतो. दगडी भिंतींमध्ये ज्या लांबीची लहर नेमकी बसते, तो स्वर वाढतो. आपल्या खोलीचेही तसेच आहे. १२ फुटांच्या लांबीत पहिला स्वर सुमारे ४७ हर्ट्झवर आणि १० फुटांच्या रुंदीत ५६ हर्ट्झवर घुमतो. छतही १० फुटांवर असेल, तर ५६ वर दुहेरी भार पडतो.

बंद पेटीचा खर्ज तिच्या स्वराखाली हळूहळू उतरतो. भोकाच्या, म्हणजे पोर्टच्या पेटीचा त्याच्या दुप्पट वेगाने. पक्क्या भिंतींची लहान बंद खोली साधारण ४७ हर्ट्झच्या खाली आवाजाला उचल देते आणि पाठीमागची भिंतही भर घालते. यांचा मेळ बंद पेटीशी चांगला बसतो. पोर्टच्या पेटीत तोच आधार पुष्कळदा घुमारा होऊन बसतो.

पेटी अगदी कोपऱ्यात ठेवू नये. तेथे खोलीचे सर्व स्वर चेकाळतात. ऐकण्याची बैठकही नेमकी मधोमध नसावी, कारण तेथे पहिला स्वर जवळपास हरवतो. लांबीच्या साधारण एक तृतीयांशावर बसून पाहावे. पडद्यांनी किंवा गाद्यांनी खर्ज आवरत नाही. पेटी वीतभर सरकवण्याने मात्र पुष्कळ फरक पडतो.

खालचे स्वर भिंतीतून सहज पलीकडे जातात, याचेही भान असावे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पेटी योग्य मापाची असेल, तर आवाज न वाढवताही डग्ग्याचा प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो. आजोबांचा खर्ज आणि नातवाचा अभ्यास, दोन्ही मग एकाच घरात सुखाने नांदू शकतात.