चढलेला ताण उतरवावा कसा?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते व्यायामशिक्षक होते. म्हणून वैद्यकातील असा विषय मी निवडला की ज्याचा संबंध औषधाच्या बाटलीपेक्षा शरीराच्या शिस्तीशी अधिक आहे. ‘ताण’ हा शब्द आज फार सैल वापरला जातो. दहावीची परीक्षा, घरातील कार्य, उशिरा आलेला नळ, सर्वांनाच तो चिकटतो. तेव्हा शरीरात नेमके काय घडते, ते आधी पाहू.

संकटाची चाहूल लागताच मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन रक्तात सोडतात. हृदय जलद चालते, यकृतातील साखर रक्तात येते, पचन मंदावते आणि रक्ताचा ओघ स्नायूंकडे वळतो. लढण्याची अथवा पळण्याची ही सिद्धता होय. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली आपल्या ग्रंथात ती सविस्तर वर्णिली. पुढे १९३६ साली माँट्रियल येथे संशोधन करणाऱ्या हान्स सेल्ये यांनी ‘नेचर’मधील एका छोट्याशा टिपणात दाखविले की थंडी असो, इजा असो वा विष, उंदरांचे शरीर एकाच ठरावीक रीतीने प्रतिसाद देते, आणि आघात चालूच राहिला तर अखेरीस ते थकून जाते.

यातून निघणारा अर्थ मला महत्त्वाचा वाटतो. ताण चढणे हा आजार नव्हे. तो न उतरणे, हे दुखणे आहे. काम संपले की धनुष्याची दोरी उतरवून ठेवावी लागते, नाहीतर त्याची लवचीकता जाते. रानातला वाघ एकदा येऊन जातो. कर्जाचा हप्ता मात्र दरमहा येतो, आणि त्याची आठवण तर दररोज रात्री. शरीराला या दोहोंतला भेद कळत नाही. धोका टळला आहे, हे त्याला त्याच्याच भाषेत सांगावे लागते.

या भाषेतील सर्वांत सोपे अक्षर म्हणजे उच्छ्वास. येथे बसलेल्या विद्यार्थ्यांनी मनगटावरील नाडी धरून सावकाश श्वास घ्यावा व सोडावा. श्वास घेताना नाडी किंचित जलद आणि सोडताना किंचित मंद झालेली बहुतेकांना जाणवेल. (आम्हा वयस्कांत हा फरक कमी होत जातो, तेव्हा आजोबांनी निराश होऊ नये.) श्वास सोडताना व्हेगस नावाची मज्जा हृदयाला लगाम घालते, त्याचा हा परिणाम. म्हणून चार अंक मोजीत श्वास घ्यावा व सहा अंक मोजीत सोडावा. मिनिटाला सहा श्वास होतील. तो कोंडून धरू नये, जोर लावू नये. पाच मिनिटे पुरेत. दमेकऱ्यांनी त्रास होईल इतका लांबवू नये.

योगक्रियांना अशी शास्त्रीय कसोटी लावण्याच्या प्रयत्नांत आपल्या बडोद्याचा वाटा आहे, हे नव्या पिढीस ठाऊक नसते. डभोईस जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, हे माणिकरावांच्या आखाड्यात घडले. उड्डियान व नौली करताना पोटात काय होते, हे त्यांनी १९२०च्या सुमारास येथील रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासले, आणि १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले.

दुसरा उपाय चालण्याचा. स्नायूंसाठी रक्तात उतरलेली साखर खुर्चीत बसून खर्ची पडत नाही. कमाटीबागेत अर्धा तास झपझप चाललात तर ती पळण्याची सिद्धता सार्थकी लागते. मात्र फोनवर कचेरीचेच बोलत चालू नये!

व्यायामाचा तास संपताना गुरुजी आम्हांस शवासनात निजवीत, ते आठवते का? एडमंड जेकबसन यांनी १९२९च्या ग्रंथात मांडलेली पद्धती त्याच्या जवळची आहे. मूठ आवळावी, सोडावी, आणि दोहोंतला फरक ओळखावा. मग खांदे, जबडा, कपाळ. जबडा आवळलेला आहे हे पुष्कळांना तो सोडेपर्यंत कळतच नाही.

झोपेविषयी थोडक्यात सांगतो. सायंकाळच्या चहातील कॅफीन पाच तासांनी निम्मे उरलेले असते. उद्याची कामे निजण्यापूर्वी कागदावर उतरवावीत. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर झालेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशी यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा, सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली. लाभ लहान, पण खर्च एका कागदाचा.

आता एक कटू गोष्ट. काही वर्षांपूर्वी एक बाई अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची औषधे लिहून घेण्यास माझ्याकडे येत. एकदा सहज त्यांचाच रक्तदाब पाहिला, तर तो सासूबाईंपेक्षा अधिक! मी दीर्घश्वसन सांगू लागलो. त्या शांतपणे म्हणाल्या, “डॉक्टर, श्वास मी घेईन हो, पण रात्री तीनदा उठायचं कोणी?” मुलगा अमेरिकेत, यजमान दुकानात. मग नणंदेला बोलावून घेतले. आठवड्यातील तीन रात्री तिने घ्याव्यात असे ठरले, आणि दुपारी दोन तासांसाठी एक मदतनीस लागली. दीड महिन्यात रक्तदाब पुष्कळ खाली आला. गोळीही चालू होती, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण ज्या घरात एकीच्याच खांद्यावर सगळे ओझे आहे तेथे तिला प्राणायाम शिकविणे, हे मला ओझ्याला नमस्कार करण्यासारखे वाटते. आपणांपैकी ज्यांच्या घरी असे कोणी असेल त्यांनी आज रात्रीच पाळ्या ठरवाव्यात.

छातीत दुखणे किंवा दम लागणे यास ताण समजून घरी बसू नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर वैद्याला भेटावे. जगणे नकोसे वाटू लागले तर मात्र एक दिवसही थांबू नये. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलिमानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ हा आहे. तो रात्रंदिवस चालतो, त्यास शुल्क नाही. परत जाताना तो आपल्या वहीत टिपून घ्यावा.