टोळी निघण्याआधी, विमान पकडण्याआधी : रेबीजची लस कुणी आणि कधी घ्यायची?

पुण्यात नोकरी करणारा आमच्या भावकीतला एक पोरगा कंपनीच्या कामासाठी परदेशी चालला होता. कंपनीनं त्याला लसींची यादी पाठवली. त्यात रेबीजचं नाव बघून त्यानं मला फोन केला, "काका, कुत्रं चावायच्या आधीच इंजेक्शन? असं असतंय का?"

असतंय. कुत्रं चावल्यावर जी लस देतात, तीच आधीही घेता येते. आपल्याकडं हे फारसं कुणाला माहीत नाही. बाहेरच्या देशात मात्र भारतात येणाऱ्या माणसाला, विशेषतः खेड्यात जास्त दिवस राहणार असेल तर, तिथले डॉक्टर ही लस घेण्याचा विचार करायला सांगतात. म्हणजे उन्हाळ्याच्या नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत अमेरिकेहून आजोबांच्या वाड्यावर येणारं लेकरू लस घेऊन येतं, आणि त्याच वाड्यात कुत्र्याच्या पिलांबरोबर रोज लोळणारं आपलं लेकरू तसंच असतं. जगात रेबीजनं दरवर्षी अंदाजे 59 हजार माणसं मरतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातला मोठा वाटा आपल्या देशाचा आहे, आणि मरणाऱ्यांत लहान लेकरं जास्त.

पण आपल्या जिल्ह्यातून विमानानं जाणारे किती? खरा परदेश तर आपल्या लोकांना दसऱ्यानंतर लागतो. कळंब, वाशी, भूम, परंडा या भागातून उसाच्या टोळ्या निघतात. कोण कोल्हापूर-सांगलीकडं, कोण सोलापूरकडं, कोण थेट कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडं. पाच-सहा महिने उसाच्या फडाशेजारी कोपीत राहणं. कुत्री कोपीभोवतीच असतात. उसात कोल्हा असतो, रानमांजर असतं, मुंगूस असतं. लेकरं दिवसभर उघड्यावर. जवळचा दवाखाना कुठं, सरकारी कुठला, भाषा कोणती, काही माहीत नसतं. आणि मुकादमाची उचल अंगावर असल्यामुळं एक दिवस खाडा करून दवाखान्यात जायचं म्हटलं तरी जोडप्याचा हिशोब बिघडतो. म्हणून हा लेख विमानवाल्यांपेक्षा टोळीवाल्यांसाठी जास्त आहे.

आधी रोग समजून घ्या. रेबीजचा विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत असतो. चावल्यावर, ओरखडल्यावर किंवा जखमेवर चाटल्यावर तो आत शिरतो आणि नसांतून हळूहळू मेंदूकडं सरकतो. याला बहुतेक वेळा एक ते तीन महिने लागतात. कधी थोडेच दिवस, क्वचित वर्षाच्या वर. तोंडावर, मानेवर चावलं तर मेंदू जवळ, म्हणून वेळ कमी. एकदा का पाणी बघून घसा आवळणं, वाऱ्याची भीती, भ्रम ही लक्षणं सुरू झाली की औषध नाही. माणूस जातोच. पण लक्षणं सुरू व्हायच्या आधी लस नीट घेतली तर माणूस वाचतो. सगळा खेळ या मधल्या दिवसांचा आहे, आणि आपल्याकडची टोळी नेमकी याच दिवसांत गाव सोडते.

"पिलू होतं, नुसतं खरवडलं" असं म्हणून सोडून देऊ नका. 2025 साली उत्तर प्रदेशात बुलंदशहरकडचा एक कबड्डीपटू नालीत पडलेलं कुत्र्याचं पिलू वाचवायला गेला. पिलू किरकोळ चावलं, त्यानं लस घेतली नाही, काही महिन्यांत तो गेला. त्याच वर्षी इंग्लंडमधली एक बाई मोरोक्को देशात फिरायला गेली होती. तिथं एका पिलानं तिला थोडंसं ओरबाडलं. घरी गेल्यावर काही महिन्यांनी तिचाही मृत्यू झाला. एक खेड्यातला धडधाकट गडी, एक श्रीमंत देशातली पर्यटक. दोघांचीही जखम बघून कुणी घाबरलं नसतं.

आता आधीच्या लसीचं. हिचे तीन डोस असतात. पहिला डोस ज्या दिवशी घेतला तो शून्य दिवस धरतात, मग सातव्या दिवशी दुसरा आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी तिसरा. सोप्या भाषेत, 1 तारखेला सुरुवात केली तर पुढचा 8 ला आणि शेवटचा 22 किंवा 29 ला. म्हणजे निघायच्या आधी महिनाभर हातात पाहिजे. पोळा झाला की सुरुवात केली तर दसऱ्याच्या आत तिन्ही होतात. ज्यांच्याकडं तेवढे दिवस नाहीत त्यांच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 मध्ये शून्य आणि सातवा दिवस असा दोन डोसचा मार्गही सांगितलाय. पण तो तुम्हाला चालेल का, हे डॉक्टरनं ठरवायचं.

इथं एक मोठा गैरसमज होतो. आधी लस घेतली म्हणजे मग कुत्रं चावलं तरी काही करायचं नाही, असं नाही. चावल्यावर जखम धुवायचीच आणि दोन डोस घ्यायचेच, एक त्याच दिवशी आणि दुसरा तिसऱ्या दिवशी, म्हणजे 1 तारखेला आणि 4 तारखेला. मग आधी घेऊन मिळवलं काय? तर सीरम लागत नाही.

हे सीरम काय प्रकरण आहे ते सांगतो, कारण गरिबाचा जीव इथंच अडकतो. लस टोचल्यावर शरीराला विषाणूशी लढायची ताकद तयार करायला आठवडा-दोन आठवडे लागतात. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर तेवढा वेळ थांबणं धोक्याचं. म्हणून तयार प्रतिपिंडं, म्हणजे सीरम, थेट जखमेत आणि जखमेच्या भोवती टोचतात. ते वजनावर मोजून देतात. लस आता बहुतेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत मिळते, पण सीरम प्रत्येक ठिकाणी असेलच असं नाही. मोठ्या रुग्णालयात जावं लागतं, आणि विकत घ्यायचं तर महाग. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं याच कामासाठी रेबीशिल्ड नावाचं नव्या पद्धतीचं औषध काढलंय, तेही मोठ्या ठिकाणीच मिळायचं. पहिला डोस घेऊन सात दिवस उलटले की सीरम देत नाहीत, तोवर शरीराची स्वतःची तयारी सुरू झालेली असते. माझ्या एका ओळखीच्या जोडप्याला परजिल्ह्यात लेकराच्या पायाला कुत्रं चावल्यावर सीरमसाठी तीन दवाखाने फिरावे लागले होते. तिसऱ्या ठिकाणी मिळालं, पण दोन दिवसांची मजुरी आणि गाडीभाडं गेलं ते गेलंच. लेकराला आधी लस झालेली असती तर जवळच्या दवाखान्यात दोन डोसवर भागलं असतं.

मग आधीची लस सगळ्यांनी घ्यावी का? माझं मत, नाही. गावात राहणाऱ्याला दवाखाना जवळ असेल तर चावल्यावर लगेच गेलं की पुरे. आधी घ्यायला पाहिजे ती जनावरांच्या डॉक्टरांनी, त्यांच्या मदतनिसांनी, कुत्री पकडणाऱ्यांनी. त्यांचं तर कामच हे आहे. त्यानंतर ज्यांना दवाखाना लांब पडणार आहे त्यांनी विचार करावा, म्हणजे टोळीबरोबर जाणारी लेकरं, मेंढपाळ. सरकारी दवाखान्यातली लस मुख्यतः चावलेल्या माणसांसाठी असते, त्यामुळं आधीची लस बऱ्याचदा खासगीत पैसे देऊन घ्यावी लागते. तीन डोस, घरात तीन लेकरं, म्हणजे नऊ सुया. हा खर्च टोळीतल्या माणसाला जड आहे, हे मला कळतं. उचल देताना मुकादम आणि कारखाने निदान लेकरांच्या लसीचा विचार करतील तर बरं होईल. नाहीच जमलं तर पुढचं तरी पाठ करा.

कुत्रं चावलं की सगळ्यात आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा. कपड्याचा साबण चालतो, फडावर बोअरची मोटर चालू असेल तर तिच्या पाण्याखाली धरा. मिरची, चुना, हळद, तेल, तंबाखू काही भरू नका. घट्ट पट्टी नको, टाके शक्यतो नकोत. मग दवाखाना. सरकारी दवाखान्यात कातडीत टोचायची लस देतात, थोडीशी, दोन्ही दंडांत. पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. 1 तारखेला घेतली तर 4, 8 आणि 29. खासगीत दंडाच्या मांसात देतात, तेव्हा चौदाव्या दिवसाचा एक डोस वाढून पाच होतात. पोटात चौदा इंजेक्शनं ही जुनी गोष्ट आहे. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती लस आपल्या देशात कधीच बंद झाली. तरी अजून म्हातारी माणसं लेकरांना तीच भीती घालतात आणि लेकरं चावल्याचं घरी सांगतच नाहीत. मटण-अंडी बंद करायची गरज नाही. गरोदर बाईलाही लस चालते.

आता टोळीचा खरा घोळ. दसऱ्याच्या आठ दिवस आधी कुत्रं चावलं, दोन डोस इथं झाले, आणि गाडी भरून टोळी निघाली. उरलेले डोस? बहुतेक जण सोडून देतात. तसं करू नका. गावातल्या दवाखान्यानं दिलेला कागद बरोबर न्या, आणि कागद भिजतो, हरवतो, म्हणून मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा. तिकडच्या सरकारी दवाखान्यात तो दाखवला की उरलेले डोस मिळतात. महाराष्ट्रात आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत, त्यामुळं केसपेपरच्या पैशाचीही अडचण नाही. कर्नाटकात असाल तर कागदावरच्या तारखा तिथल्या डॉक्टरलाही वाचता येतात. एखादी तारीख चुकली तर परत पहिल्यापासून सुरू करत नाहीत, राहिलेला डोस जेवढ्या लवकर होईल तेवढा घ्यायचा.

"कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा" हेही तुम्ही ऐकलं असेल. ते खरं आहे, पण कुत्रा-मांजरापुरतंच, आणि लस सुरू करून. कुत्रं दहा दिवस धड राहिलं तर पुढचं काय ते डॉक्टर ठरवतात. फडातल्या कोल्ह्यावर कोण लक्ष ठेवणार? कोल्हा, मुंगूस, माकड असं रानटी जनावर चावलं तर जखम लहान असो की मोठी, ती सगळ्यात गंभीर धरतात.

बैलवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. बैलाला पिसाळलेलं कुत्रं चावलं आणि काही दिवसांनी बैल लाळ गाळायला लागला, चारा गिळेना, आवाज बदलला, की आपण समजतो घशात काही अडकलंय. आणि हात कोपरापर्यंत तोंडात घालतो. हाताला उसाच्या पाचटानं कापलेलं असतंच. असा हात घालू नका. 1962 वर फोन करून जनावरांचा डॉक्टर बोलवा, आणि हात घालून झाला असेल तर साबणानं धुवून स्वतः दवाखान्यात जा. जनावराला कुत्रं चावलेलं दिसलं तर त्यालाही लगेच लस असते. अशा गाईचं दूध प्यालो म्हणून घरातली माणसं घाबरतात. तापवलेल्या दुधाचा धोका नसतो, पण कच्चं पिऊ नका.

आता त्या पोराकडं येऊ. इंग्लंड, जपान, ऑस्ट्रेलिया इथं कुत्र्यांत रेबीज नाही. अमेरिकेतही कुत्र्यांमधला हटलाय, वटवाघळांत मात्र आहे. आफ्रिकेत, आणि आपली पोरं डॉक्टरकीला जातात त्या फिलिपिन्समध्ये, कुत्र्यांत तो आहे. आफ्रिकेतल्या काही देशांत पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला लागतो, तसा रेबीजचा दाखला विमानतळावर कुणी मागत नाही, म्हणून हा विषय राहून जातो. ज्याला तिकडं खेड्यात, साईटवर, दवाखान्यापासून लांब राहायचंय त्यानं ही लस घेऊन जावं, आणि मलेरियासाठी क्लोरोक्वीनच्या गोळ्या घेणार असेल तर डॉक्टरला आधी सांगावं, कारण त्या गोळ्यांमुळं कातडीत दिलेल्या लसीचा गुण कमी होतो. अशा वेळी दंडाच्या मांसातच घ्यायची.

आमच्या पोरानं तिन्ही डोस घेतले. त्याचं कार्ड आता पासपोर्टच्या पाकिटात असतं. टोळीतल्या बायांनाही मी तेच सांगतो, रेशन कार्ड ज्या पिशवीत ठेवता, त्यातच लेकराच्या लसीचा कागद ठेवा.