मोटारीच्या मेणाचे मोल

रविवारी सकाळी एखादे गृहस्थ आपली मोटार धुऊन, कोरडी करून, तिला मऊ फडक्याने मेण चोळत असलेले तुम्ही पाहिले असेल. थोड्या वेळाने ते दुसऱ्या फडक्याने मेण पुसून काढतात आणि मोटारीच्या टपावर शेजारच्या झाडाचे प्रतिबिंब दिसू लागते. अशा मेणाची साधी डबी काही शे रुपयांना मिळते. परदेशात मात्र याच जातीचे मेण शेकडो डॉलरना विकले जाते, आणि अमेरिकेतील झायमॉल या कंपनीच्या काही मेणांची किंमत तर हजारो डॉलरच्या घरात गेलेली आहे. तेवढ्या पैशांत एखादी जुनी मोटारच विकत यावी!

मग प्रश्न असा, की शेकडो पट किंमत मोजून मिळणारी चकाकीही शेकडो पट असते काय? हा प्रश्न केवळ हौशी श्रीमंतांचा आहे असे समजू नका. साबण, पेन, बूट, यांपैकी काहीही घेताना ‘महाग ते चांगलेच असणार’ असे आपण मनाशी धरून चालतो. मेणाच्या निमित्ताने हा समज तपासून पाहता येईल. कारण मेणाचे काम पदार्थविज्ञानाच्या साध्या नियमांनी समजते आणि ते मोजताही येते.

ताडाच्या पानावरचे मेण

महागड्या डब्यांवर ‘कार्नौबा’ हे नाव हमखास छापलेले असते. कार्नौबा हा ताडाच्या कुळातील एक वृक्ष आहे. ब्राझीलच्या ईशान्य भागात, सेआरा, पियाउई अशा उष्ण आणि कोरड्या राज्यांत तो वाढतो. तेथे पाऊस थोडा आणि ऊन कडक. पानांतील पाणी उडून जाऊ नये म्हणून या झाडाच्या पानांवर मेणाचा पातळ लेप तयार होतो. लांब काठीला विळा बांधून पाने कापतात, उन्हात वाळवतात आणि मग झोडपतात किंवा यंत्रात तासतात. मेण भुकटीच्या रूपात गळून पडते. ते वितळवून गाळले की पिवळसर, ठिसूळ ढेकळे तयार होतात.

नैसर्गिक मेणांमध्ये हे सर्वांत कठीण समजले जाते. मधमाश्यांचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळते. कार्नौबा मात्र ८२ ते ८६ अंशांपर्यंत तग धरते. या मेणाचे महत्त्व उद्योगधंद्यांनी फार पूर्वीच ओळखले होते. अमेरिकेतील जॉन्सन या मेणपॉलिश बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख हर्बर्ट जॉन्सन १९३५ साली जमिनीवर आणि पाण्यावरही उतरू शकणाऱ्या विमानातून ब्राझीलला गेले, ते केवळ या झाडांची पाहणी करण्यासाठी. त्यांनी विमानाचे नावही ‘कार्नौबा’च ठेवले होते.

पण हे मेण दुर्मिळ मात्र नाही. बुटाच्या अनेक पॉलिशांत ते असते. गोळ्या-चॉकलेटांवरची चकचकीत झिलई पुष्कळदा याच मेणाची असते. वेष्टनावर ‘ई ९०३’ असे लिहिलेले आढळले तर ते कार्नौबाच.

दहा ग्रॅमचा हिशोब

शुद्ध कार्नौबाचे ढेकूळ मोटारीवर घासले तर ते पसरणारच नाही. म्हणून त्यात टर्पेंटाइनसारखी उडून जाणारी द्रव्ये, तेले आणि इतर मऊ मेणे मिसळावी लागतात. म्हणजे डबी कितीही महाग असली, तरी तिच्यातील काही भाग हवेत उडून जाण्यासाठीच असतो. डबीवर कार्नौबाची टक्केवारी मोठ्या अक्षरांत छापतात. ती वजनाची की घनफळाची हे वाचणाऱ्याला कळतेच असे नाही.

आता एक छोटे गणित करू. मोटारीचा रंगवलेला पृष्ठभाग अंदाजे १० चौरस मीटर धरा. चोळून पुसल्यावर मागे उरणारा मेणाचा थर अतिशय पातळ असतो. आपण सढळ हाताने तो १ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, धरू. क्षेत्रफळाला जाडीने गुणले की घनफळ येते १० घन सेंटिमीटर. मेणाची घनता पाण्याइतकीच, म्हणून वजन भरले १० ग्रॅम. सबंध मोटारीवर एवढेच मेण!

वरच्या प्रतीच्या कार्नौबाचा घाऊक भाव किलोला २० डॉलर धरला, तरी १० ग्रॅमची किंमत २० सेंट होते. आणि २०० ग्रॅमची डबी शुद्ध कार्नौबाने काठोकाठ भरली आहे असे मानले, तरी आतील मालाची किंमत ४ डॉलरपलीकडे जात नाही. तेव्हा हजार डॉलर हे काही कार्नौबाचे मोल नव्हे. ते पाने कापणाऱ्या मजुरांच्या हाती पडते म्हणावे, तर तसेही नाही. २०१७ साली जर्मन दूरचित्रवाणीवरील एका माहितीपटाने ब्राझीलमधील काही कार्नौबा मळ्यांवर मजुरांना उघड्यावर झोपावे लागते आणि नदीचे न गाळलेले पाणी प्यावे लागते, असे जगापुढे आणले होते.

चकाकी येते कोठून?

माल स्वस्त असेना का, मेण लावल्यावर मोटार चमकते हे तर खरे ना? खरेच आहे. पण ती का चमकते हे पाहू.

पृष्ठभागावर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी किती भाग परत फिरतो, हे त्या पदार्थाच्या वक्रीभवनांकावर अवलंबून असते. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात यासाठी सूत्र दिले. वक्रीभवनांकातून १ वजा करा. आलेल्या संख्येला, वक्रीभवनांकात १ मिळवून येणाऱ्या संख्येने भागा. उत्तराचा वर्ग करा. मोटारीच्या रंगावरील पारदर्शक थराचा वक्रीभवनांक सुमारे १.५ असतो. ०.५ भागिले २.५ म्हणजे ०.२, आणि त्याचा वर्ग ०.०४. म्हणजे १०० पैकी ४ भाग प्रकाश परत फिरतो. कार्नौबाचा वक्रीभवनांक सुमारे १.४५. हेच गणित त्याच्यासाठी केले तर उत्तर येते सुमारे ३.४ भाग. म्हणजे जास्त नाही, उलट किंचित कमीच!

मग मेणाने चमक वाढते ती कशी? गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश एकाच दिशेने परततो, म्हणून आपल्याला स्पष्ट प्रतिबिंब दिसते. बारीक ओरखडे असतील तर तोच प्रकाश दाही दिशांना विखुरतो आणि रंग फिकट, धुरकट दिसतो. मेण त्या ओरखड्यांत भरते आणि विखुरणे थांबवते. फरशीवर पाणी सांडले की तेवढाच भाग गडद दिसतो, त्याचे कारणही हेच. पाणी फरशीच्या खडबडीत पृष्ठभागावरील खळगे भरून काढते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. जुन्या, विटलेल्या रंगावर मेणाचा परिणाम डोळ्यांत भरतो. आधीच गुळगुळीत असलेल्या नव्या रंगावर मात्र त्याला करण्यासारखे फारसे काही उरत नाही. मग मेण शंभराचे असो वा लाखाचे.

अळवावरचे पाणी

मेण लावलेल्या मोटारीवर पाण्याचे थेंब मोत्यांसारखे उभे राहतात. विक्रेते त्याची छायाचित्रे मोठ्या हौसेने छापतात. थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते त्याला ‘स्पर्शकोन’ म्हणतात. थेंब पसरला तर हा कोन लहान, गोल उभा राहिला तर मोठा. मेणाच्या सपाट थरावर तो १०० अंशांच्या थोडा पुढे जातो.

तो आणखी वाढवता येणार नाही काय? येथे निसर्गाने एक मर्यादा घालून ठेवली आहे. पृष्ठभाग सपाट असेल, तर ज्ञात असलेल्या कोणत्याही रसायनाने स्पर्शकोन सुमारे १२० अंशांपलीकडे नेता येत नाही. अळूच्या आणि कमळाच्या पानांवर मात्र तो १५० अंशांहून अधिक असतो. ‘अळवावरचे पाणी’ हा वाक्प्रचार आपल्याकडे उगाच रूढ झालेला नाही. बार्टलोट आणि नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९७ साली याचे कारण सविस्तर मांडले. या पानांवर सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचे त्याहूनही सूक्ष्म स्फटिक. थेंब त्यांच्या टोकांवर टेकतो आणि खाली हवा राहते. मोटारीला असा पृष्ठभाग चालणार नाही, कारण जो पृष्ठभाग खडबडीत तो आरशासारखा चमकणार कसा?

म्हणजे स्वस्त मेण जेथे पोहोचते, त्याच्या थोडे पुढे ही सीमा उभी आहे. पैसे ओतून ती ओलांडता येत नाही.

टिकाऊपणाचे काय?

मेणाचा थर कायमचा नसतो. पाऊस, धूळ आणि साबणाचे पाणी यांनी तो काही आठवड्यांत किंवा फार तर काही महिन्यांत निघून जातो. गडद रंगाच्या मोटारीचे टप कडक उन्हात ७० अंशांच्याही वर तापू शकते. कार्नौबा ८२ अंशांपर्यंत घट्ट राहते हे खरे. पण त्यात तेले आणि मधमाश्यांचे मेण मिसळले की मिश्रण आधीच मऊ पडू लागते. रंगाला घट्ट धरून राहतील असे कृत्रिम बहुवारिकांचे लेप आता बाजारात आहेत. ते सामान्यतः नैसर्गिक मेणाहून अधिक टिकतात आणि मौल्यवान डब्यांच्या मानाने पुष्कळच स्वस्त असतात.

मग लोकांना फरक दिसतो तो का?

हजारो रुपयांचे मेण घेणारा माणूस फरक स्वतः पाहिल्याचे सांगतो. तो खोटे बोलतो असे नाही. पण येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट अशी की, एवढे महाग मेण घेतलेला माणूस ते घाईघाईत फासत नाही. तो आधी मोटार दोनदा धुतो, चिकटलेला डांबराचा कण न् कण काढतो, पॉलिशने ओरखडे घासून नाहीसे करतो. चकाकीचा मोठा वाटा या मेहनतीचा असतो; श्रेय मात्र शेवटी लावलेल्या मेणाला मिळते. दोन कारणे एकाच वेळी काम करीत असली, तर परिणाम कोणत्या कारणाचा हे नुसते पाहून ठरत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे किंमत आपल्या अनुभवालाच रंग देते. अमेरिकेत ८२ स्वयंसेवकांवर झालेला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यांना विजेचे हलके झटके देऊन वेदना किती होते ते विचारले, मग एक ‘वेदनाशामक’ गोळी देऊन तेच पुन्हा केले. गोळीत औषध मुळीच नव्हते. अर्ध्या लोकांना तिची किंमत अडीच डॉलर सांगितली होती, उरलेल्यांना १० सेंट. वेदना कमी झाल्याचे महाग गटातील ८५ टक्के लोकांनी सांगितले, स्वस्त गटातील ६१ टक्क्यांनी. गोळी एकच, फरक फक्त सांगितलेल्या किमतीचा! जेथे वेदना बदलते, तेथे टपावरची चमक बदलणार नाही काय?

तेव्हा मेण लावावे की नाही? अवश्य लावावे. साध्या डबीने ओरखडे झाकतात, पाणी आणि मळ लवकर निघून जातो. महाग मेणाला सुगंध असतो, ते हाताला मऊ लागते, डबी सुंदर असते, आणि कोणाला त्यातच आनंद वाटत असेल तर ती त्याची हौस झाली. पण मोटारीला त्याचा तेवढ्या पटीने लाभ होत नाही.

करून पहा

मोटार नसली तरी ही परीक्षा तुम्हाला घेता येईल. रंगवलेल्या पत्र्याची तीन सारखी झाकणे स्वच्छ धुऊन वाळवा. एकाला बुटाचे स्वस्त बिनरंगी पॉलिश, दुसऱ्याला महाग बिनरंगी पॉलिश लावा, आणि दोन्ही सारखाच वेळ घासून पुसा. तिसरे तसेच ठेवा. ड्रॉपरने प्रत्येक झाकणावर एकाच उंचीवरून पाण्याचे दहा थेंब वेगवेगळे टाका, पट्टीने त्यांची रुंदी मोजा आणि सरासरी काढा. जेथे थेंब कमी पसरला, तेथे स्पर्शकोन मोठा.

नंतर चकाकीची परीक्षा. पॉलिश लावलेली दोन्ही झाकणे कोरडी करा आणि त्यांच्या खालच्या बाजूला मित्राकडून ‘क’ आणि ‘ख’ लिहून घ्या. ती एकदा नीट पाहून ठेवा. मग मित्राने पडद्याआड नाणे उडवून, छाप आल्यास ‘क’ आणि काटा आल्यास ‘ख’ पुढे करावे, आणि तुम्ही ते ओळखावे. असे दहा वेळा करा. नुसत्या अंदाजाने साधारण पाच उत्तरे बरोबर येतील. नऊ किंवा दहा बरोबर येण्याची शक्यता मात्र १०२४ मध्ये फक्त ११ आहे. तेवढी उत्तरे बरोबर आली तर फरक खरोखर आहे असे मानायला हरकत नाही. मात्र झाकणांवर ओळखीचा एखादा ओरखडा किंवा डाग राहिलेला नाही, याची आधी खात्री करून घ्या. जे उत्तर येईल ते किमतीसह वहीत लिहून ठेवा.