नाव उंदरांचं, औषध डार्करूमचं

डायलिसिसवरच्या काही थोड्या रुग्णांच्या पोटावर किंवा मांडीवर अचानक जांभळी जाळी उमटते. काही दिवसांत तिथे काळी खपली धरते. दुखणं असं की चादर लागली तरी माणूस ओरडतो. चरबीतल्या बारीक रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचून रक्तपुरवठा तुटलेला असतो. हा कॅल्सिफिलॅक्सिस. बहुतेक अभ्यासांत निम्म्याच्या आसपास रुग्ण वर्षभरात दगावतात.

आजार इतका भीषण, पण त्याच्या नावाची कथा मजेशीर आहे. ‘स्ट्रेस’ची कल्पना रुजवणारे हान्स सेल्ये १९६०च्या सुमारास माँट्रियलमध्ये उंदरांना ड जीवनसत्त्वासारखं औषध देत. त्यावर लोहाचं इंजेक्शन दिलं, की कातडी कॅल्शियमने टणक व्हायची आणि सापाच्या कातीसारखी सुटून यायची. १९६२ मध्ये सेल्येंनी याच नावाचं पुस्तक काढलं. रुग्णांच्या जखमा पाहणाऱ्या डॉक्टरांनी ते नाव उचललं. उंदरांतला प्रकार वेगळाच होता हे पुढे लक्षात आलं, पण तोवर नाव चिकटलं होतं. ब्रायंट आणि व्हाइट यांनी असा रुग्ण १८९८ मध्येच नोंदवला होता. त्यांना कोण विचारतो!

औषधाची कुळकथा तर याहून भारी. जुन्या फोटो स्टुडिओत काम केलेल्यांना ‘हायपो’ आठवत असेल, फोटो पक्का करणारं द्रावण. ते चांदीचे क्षार विरघळवतं, हे जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये दाखवलं. हेच सोडियम थायोसल्फेट पुढे सायनाइडवर उतारा ठरलं. १९८५ मध्ये याट्झिडिस या ग्रीक डॉक्टरांनी ते वारंवार मूतखडे होणाऱ्यांना दिलं. २००४ मध्ये कॅल्सिफिलॅक्सिसमध्ये त्याचा गुण आल्याचं प्रसिद्ध झालं आणि डायलिसिसच्या शेवटच्या तासात शिरेतून २५ ग्रॅम देण्याचा पायंडाच पडला. मळमळ होते, रक्तात आम्ल वाढतं. निर्णायक चाचणीचं पाठबळ नाही, ते नेमकं काय करतं यावरही तज्ज्ञांचं एकमत नाही. तरी देतात, कारण हाताशी दुसरं फारसं काही नाही.

एक धागा मात्र पक्का आहे. रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचू न देणारं एक प्रथिन के जीवनसत्त्वावर चालतं, आणि वॉर्फरिन, ॲसिट्रॉमसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या त्याच जीवनसत्त्वाची वाट अडवतात. म्हणून निदान होताच डॉक्टर आधी त्या गोळ्यांची चौकशी करतात. घरात कुणी डायलिसिसवर असेल आणि अंगावर असा दुखरा, जांभळा, कडक डाग दिसला, तर मलम लावत बसू नका. गोळ्याही आपल्या मनाने बंद करू नका. त्याच दिवशी किडनीच्या डॉक्टरांना डाग दाखवा.