साखळी अजून पकडते का?

"हात सोडू नका रे!" महाड-पोलादपूरकडच्या रात्रीच्या कबड्डी स्पर्धेत मैदानाच्या कडेने ही आरोळी उठली नाही असं होत नाही. आरोळी देणारा बहुधा पन्नाशीच्या पुढचा, एकेकाळी गावाचा कोपरा सांभाळलेला गडी असतो. मैदानातली पोरं मोबाइलवर प्रो कबड्डी बघून वाढलेली. त्यांच्या डोळ्यांसमोर एकट्याने सूर मारून चवडा काढणारा कोपरारक्षक असतो, धावत येऊन चढाईपटूला राखीव क्षेत्राबाहेर भिरकावणारा कव्हर असतो. हातात हात धरून मागेपुढे झुलणारी साखळी त्यांना जुन्या जमान्यातली वाटते. म्हणून सामना संपल्यावर चहाच्या टपरीवर वाद रंगतो: साखळी अजून चालते, की ती आता फक्त सवय म्हणून धरली जाते?

असाच वाद फुटबॉलमध्येही आहे. प्रत्येकाने एकेका प्रतिस्पर्ध्याच्या मागे धावायचं, की प्रत्येकाने आपापला टापू राखायचा? इटलीच्या एसी मिलानचे प्रशिक्षक अरिगो साकी यांनी टापू राखण्याची पद्धत शिस्तीने बसवली आणि १९८९ व १९९० असा लागोपाठ दोनदा युरोपियन कप जिंकला. बचावाच्या शेवटच्या खेळाडूपासून आघाडीच्या खेळाडूपर्यंत साधारण २५ मीटरच अंतर राहिलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. माणसावर नजर ठेवण्यापेक्षा जागा आवळायची, हे त्यामागचं गणित. कबड्डीची साखळी नेमकं हेच करते. फरक इतकाच की फुटबॉलमध्ये अकराचे सहसा अकराच राहतात; कबड्डीत गडी बाद होत जातात आणि टापू मात्र तेवढाच राहतो.

आधी मैदानाचं माप घेऊ. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. दोन्ही बाजूंचं एकेक मीटरचं राखीव क्षेत्र झटापट सुरू होईपर्यंत खेळाबाहेर असतं, म्हणजे प्रत्यक्ष रुंदी ८ मीटर. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा आणि तिथून १.७५ मीटरवर अंतिम रेषा. गडी टिपला नाही तर चढाईपटूला निदान रेषा ओलांडावीच लागते. त्यामुळे बचाव निदान रेषेच्या मागे उभा राहून वाट बघू शकतो. तिथे त्याच्याकडे २.७५ मीटर खोल आणि ८ मीटर रुंद असा पट्टा उरतो: २२ चौरस मीटर, एखाद्या मोठ्या खोलीएवढा. त्यात सात माणसं.

सात जण असतात तेव्हा रुंदीतला प्रत्येकाचा वाटा सव्वा मीटरपेक्षाही कमी भरतो. महिलांच्या मैदानाची रुंदी ८ मीटर, राखीव क्षेत्र वगळून ६. तिथे तर एका खेळाडूच्या वाट्याला मीटरसुद्धा येत नाही. भरल्या मैदानात भोक सापडणं कठीण.

आता एक चढाई जवळून पाहू. दोन्ही टोकांना कोपरारक्षक, त्यांच्या शेजारी इन, मग दोन कव्हर आणि मधोमध एक. कोपरा आणि इन यांनी हात धरलेला असतो, पण बोटं गुंफलेली नसतात. तळहात मनगटावर असतो, कारण हात झटक्यात सुटलाही पाहिजे. चढाईपटू आपल्या उजव्या हाताला, म्हणजे बचावाच्या डाव्या कोपऱ्याकडे सरकतो. तसा डावा कोपरा-इन अंतिम रेषेकडे मागे जातो आणि त्याच वेळी उजवी बाजू हळूच पुढे येते. सरळ रांगेचा चंद्रकोरीसारखा बाक होतो. कोपरारक्षक चढाईपटूच्या डोळ्यांत बघत नाही, डोळे फसवतात. तो गुडघा बघतो. बोनससाठी किंवा पाय लांबवून गडी टिपण्यासाठी चढाईपटूचा भार पुढच्या पायावर गेला, की कोपरा चवड्यावर झेपावतो. हात आत्ता सुटतो. इन मध्यरेषेच्या बाजूने आडवा येतो, कव्हर खांद्याने धडक देतो आणि पकड पूर्ण होते. गुणफलकावर पकड कोपऱ्याच्या नावावर लागते. तिच्या आधी पाच-सहा सेकंद चार जणांनी मिळून चढाईपटूला नेमक्या त्या जागी आणलेलं असतं, याची नोंद कुठेच होत नाही.

संध्याकाळी गुरं वाड्यात घालतात, त्यातलाच हा प्रकार. एक जण दारापाशी स्वस्थ उभा, बाकीचे बाजूंनी सरकत येतात, आणि बिथरलेल्या गुरामागे कोणी धावत नाही. साखळीचं काम हाकण्याचं आहे, पकडण्याचं नाही. म्हणून 'एकट्याने सूर मारणारा कोपरा की साखळी' हा प्रश्नच थोडा चुकीचा मांडला जातो. टीव्हीवर सूर दिसतो. त्याआधीचं हाकणं कॅमेऱ्याच्या चौकटीत असतं, पण नजर तिथे नसते.

तरीही साखळीची दुखणी खरी आहेत. हात धरलेल्या दोघांच्या मधली जागा हाच तिचा सांधा आणि हाच तिचा कमकुवत भाग. तिथे पाय लांबवला की इन टिपला जातो, कारण कोपऱ्याच्या ओढीने त्याचा तोल आधीच गेलेला असतो. धरलेल्या हातांखालून डुबकी मारून निसटता येतं, वरून उडीही घेता येते. सर्वांत मोठा धोका पकडल्यानंतरचा. पकड ढिली पडली आणि चढाईपटू मध्यरेषेपर्यंत पोहोचला, तर त्याला लागलेले सगळे बाद. चार जण लटकले असतील तर चारही जण बाहेर.

हे सगळ्यात ठळक दिसलं २०१७ मध्ये. प्रो कबड्डीचा तो पाचवा हंगाम. पाटणा पायरेट्सच्या परदीप नरवालने हरियाणा स्टीलर्सविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात एकट्याने ३४ गुण घेतले. त्यात एकाच चढाईत ८ गुण होते: मैदानातले सहाच्या सहा गडी आणि वर लोणाचे २. डुबकी हे त्याचं हत्यार. पुढे २८ ऑक्टोबरच्या अंतिम सामन्यात गुजरातकडे फझल अत्राचली आणि अबोझार मिघानी ही इराणी कोपऱ्यांची जोडी होती, त्या हंगामात जिचा सर्वांत जास्त धसका घ्यावा अशी. तरी पाटण्याने ५५-३८ असा सामना मारला. त्या रात्री साखळी मोडीत निघाली असं कोणीही म्हटलं असतं.

पुढची वर्षं मात्र वेगळंच सांगतात. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताचा पुरुष संघ उपांत्य फेरीत इराणकडून १८-२७ असा हरला. १९९० साली बीजिंगमध्ये कबड्डी आशियाई स्पर्धेत आल्यापासून सातही सुवर्णपदकं भारताचीच होती. त्या दिवशी ही परंपरा तुटली. अजय ठाकूरसारखा चढाईपटू कर्णधार असलेल्या संघाला ४० मिनिटांत १८ गुण मिळाले, यातच बचावाची ताकद कळते. पकडीतलं कुस्तीचं बळ इराणचं होतं; पण कोपऱ्यापर्यंत हाकत नेण्याची रीत आपल्याच मातीतली.

प्रो कबड्डीच्या अंतिम सामन्यांचे आकडेही पाहण्यासारखे आहेत. २०१७ च्या त्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून ९३ गुण झाले. २०२२ च्या डिसेंबरात जयपूरने पुणेरी पलटणला ३३-२९ ने हरवलं: ६२ गुण. १ मार्च २०२४ रोजी पुणेरी पलटणने हरियाणावर २८-२५ अशी मात केली: ५३. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बालेवाडीत हरियाणाने पाटण्याला ३२-२३ ने नमवलं: ५५. २०२५ मध्ये दिल्लीने पुणेरी पलटणला ३१-२८ ने हरवलं: ५९. अंतिम सामने मोजकेच, त्यावरून सिद्धान्त मांडता येणार नाही. पण कल कुठे आहे ते दिसतं. पुणेरी पलटणच्या विजेतेपदाच्या हंगामात त्यांच्या डाव्या कोपऱ्यातल्या मोहम्मदरेझा शादलुईने पकडींचे ९९ गुण कमावले होते. आणि २०२५ च्या विजेत्या दिल्ली संघात डावा कोपरा सांभाळत होता तोच अत्राचली, २०१७ मध्ये पाटण्याकडून मार खाल्लेला.

मग बदललं काय? एक तर पकडपटूंनी डुबकी वाचायला शिकून घेतलं. धरलेले हात खाली आले, इन गुडघ्यात जास्त वाकू लागला. परदीपने १,८०० हून अधिक चढाई-गुणांसह कारकीर्द संपवली, पण २०१७ चं वादळ पुन्हा उठलं नाही.

दुसरं कारण नियमांत आहे, आणि ते जास्त महत्त्वाचं. पूर्वी चढाईचं घड्याळ म्हणजे चढाईपटूचा दम. छाती भक्कम असेल तो साखळीला मिनिटभर नाचवायचा; हात धरून मागेपुढे झुलणारे सात जणच आधी थकायचे आणि कुठेतरी सांधा सुटायचा. आता ३० सेकंद मोजून. त्यात प्रो कबड्डीने रूढ केलेला तिसऱ्या चढाईचा नियम: लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवायचाच, नाहीतर चढाईपटू बाद. म्हणजे पहिल्या दोन चढायांत बचावाने कुठलीही जोखीम घ्यायची गरजच नाही. हात धरून मागे उभं राहायचं, भोक पडू द्यायचं नाही. तिसऱ्या वेळी समोरच्यालाच आत यावं लागतं. ज्या नियमाने खेळ वेगवान व्हावा म्हणून घड्याळ लावलं, त्याच नियमाने वाट बघणाऱ्या साखळीला बळ दिलं.

अर्थात सात किंवा सहा गडी असतील तोवर. गडी चारवर आले की ८ मीटर रुंदीत प्रत्येकाच्या वाट्याला दोन मीटर येतात, तीन उरले की पावणेतीनच्या आसपास. एवढं अंतर हात धरून बुजत नाही. तिथे साखळी धरून बसणं म्हणजे चढाईपटूला दोन्ही बाजू मोकळ्या देणं. गावच्या स्पर्धेत सामने जातात ते इथेच. कडेने जुनेजाणते "हात धरा" म्हणून ओरडत असतात आणि खरं तर आता हात सोडायची वेळ आलेली असते. तीन किंवा कमी गड्यांनी केलेली पकड ही अव्वल पकड, तिला एक गुण जादा. त्यामुळे पडत्या संघाला पुढे होऊन धडक देण्याचं आमिष नियमानेच ठेवलं आहे. चांगले संघ त्यासाठी वेगळी रचना बसवतात. दोन कोपरे मागे, एक जण मधे मोकळा आणि चढाईपटूने पाठ वळवली की लगेच हल्ला.

महाड-पोलादपूरच्या संघांची खरी अडचण यापेक्षा निराळी आहे. या खोऱ्यात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो. भाताची कापणी-मळणी उरकून शेतं मोकळी होतात तेव्हा कुठे मैदान तयार होतं: माती चाळून, पाणी मारून, रोलर फिरवून, फक्कीने रेषा आखून. तिथून पुढे शिमगा आणि जत्रांपर्यंत स्पर्धांचा मोसम. आणि अर्धा संघ मुंबई-ठाण्याला कामाला. सावित्रीच्या दोन्ही काठांच्या वाड्यांमधून पिढ्यान्‌पिढ्या माणसं मुंबईला गेली आहेत. शनिवारी संध्याकाळी एसटीने उतरलेला गडी रात्री मैदानात उभा राहतो. एकट्याच्या हिमतीवर चढाई करता येते, पण साखळी एकट्याची नाही. इनने कुठल्या क्षणी हात सोडायचा, हे शेजारच्या कोपऱ्याच्या श्वासावरून कळावं लागतं. ते रोज एकत्र घाम गाळल्याशिवाय येत नाही. पोरांना साखळी जुनी वाटते, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. सरावाविना धरलेली साखळी फसते आणि दोष पद्धतीला लागतो.

शिवाय मातीचा खेळ आणि मॅटचा खेळ यांत फरक आहे. मॅटवर बुटांमुळे पाय रुततो, चढाईपटू जागच्या जागी वळतो. पण पकडीला बसलेल्या कोपऱ्याचाही पाय सरकत नाही. मातीवर दोघंही घसरतात. तिथे नुसत्या चवड्याच्या पकडीवर भरवसा ठेवला तर हातात धूळ उरते, मागून इन आणि कव्हर वेळेत आलेच पाहिजेत. म्हणजे टीव्हीवरचा एकट्याचा सूर गावच्या मातीत उलट जास्त महाग पडतो, आणि जिथे सरावाला वेळ कमी तिथेच साखळीची गरज अधिक.

यातून मार्ग काढायचा तर संघ निवडतानाच काढावा लागेल. चढाईपटू मुंबईहून आला तरी चालतो. डावा कोपरा-इन आणि उजवा कोपरा-इन या दोन जोड्या मात्र गावात किंवा महाडच्या एमआयडीसीत कामाला असणाऱ्या, शक्यतो एकाच वाडीतल्या पोरांच्या असाव्यात. दिवाळीनंतर रोज संध्याकाळी तासभर या चौघांनी हात धरून झुलायचं, चढाईपटू म्हणून शाळेतला कोणी चपळ पोरगा आत सोडायचा. आधी सहा-सात गड्यांची साखळी घोटायची आणि मग चार व तीन गड्यांची मोकळी रचना वेगळी. शनिवारच्या एसटीने येणाऱ्या कव्हरला एवढं सांगितलं तरी पुरे की हात सुटला, की धडक त्याची.