पांढरपेशांच्या घरात करवत का नको?

गिरगाव, दादर, लालबाग येथील कितीतरी घरांत गणपतीचे मखर घरीच तयार होत असे. बांबूच्या कामट्या, खोक्यांच्या फळ्या, पुठ्ठा आणि खळ यांवर मुलांचा पंधरवडा सुखाने जाई. पुढे थर्मोकोल आला आणि करवत अडगळीत पडली. 2018 साली राज्य शासनाने थर्मोकोलवर बंदी घातली, तेव्हा पुन्हा लाकडाकडे वळणे क्रमप्राप्त होते. परंतु पुष्कळ कुटुंबे वळली ती तयार मखरांच्या दुकानांकडे. खिळा सरळ कसा ठोकावा, हे ठाऊक असलेले माणूसच घरात उरले नव्हते.

हे काम शाळेने करावे, अशी अपेक्षा जुनी आहे. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यास भरलेल्या परिषदेत गांधीजींनी उद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला आणि झाकीर हुसेन समितीने मूलोद्योगांत सुतारकामाचा समावेश केला. कोठारी आयोगाने त्यास 'कार्यानुभव' म्हटले, 1977 साली ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असे नाव दिले आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकावे, असे सुचविले आहे. नावे बदलत गेली. परीक्षा जवळ आली की तो तास गणिताकडे जातो, हे मात्र कोणत्याही शिक्षकास विचारावे. याउलट फिनलंडने 1866 मध्येच लोकशाळांत हस्तव्यवसाय सक्तीचा केला.

आपल्याकडील अनास्थेचे मूळ केवळ आळसात नाही. हातकामाला जातीचा शिक्का आणि तुटपुंजी मजुरी चिकटलेली. कारकुनाच्या खुर्चीला मात्र निवृत्तिवेतन. परळ-लालबागच्या गिरणी कामगाराने मुलगा खुर्चीवर बसावा अशी इच्छा धरली आणि 1982 च्या संपानंतर ती अधिकच तीव्र झाली, यात त्याचे काय चुकले? त्याचा हिशेब चोख होता. चूक आहे ती पुढल्या पिढीच्या गैरसमजात. सहा वर्षांच्या मुलाच्या हाती हातोडी देणे म्हणजे त्याला सुतार करणे, असे आजही मानले जाते. वस्तुतः फळी सहा इंच मोजून पावणेसहा इंच कापली गेली, तर ती पुन्हा जोडून मिळत नाही, हा धडा पाटीवरच्या गणितात कधीच मिळत नाही. तेथे पुसता येते.

जागेची सबब पुढे केली जाते. ती अगदीच खोटी नाही, नायगावच्या बी.डी.डी. चाळीतील खोली अवघी 160 चौरस फुटांची. तथापि एक मजबूत पाट, एक शिकंजा आणि खाली जुने वर्तमानपत्र एवढ्यावर आरंभ होतो. (दुपारी शेजारचे आजोबा झोपलेले असताना हातोडी चालवू नये, हे चाळीचे शास्त्र वेगळे शिकवावे लागते.) चार-पाच वर्षांच्या मुलाने काचकागदाने फळी घासावी, मऊ लाकडात मोठ्या डोक्याचे खिळे ठोकावेत, खिळा बोटांनी धरण्याऐवजी कपड्यांच्या चिमट्यात धरला की अंगठा वाचतो. सहा-सात वर्षांनंतर छोटी करवत द्यावी, पण फळी शिकंज्यात घट्ट आवळलेली असावी आणि मोठे माणूस शेजारी बसलेले असावे. पटाशीची घाई नको. तिने जखम खोल होते. लाकूड खोक्याच्या देवदाराचे घ्यावे. सागवान लहान हातांना दाद देत नाही. प्लायवूड आणि एमडीएफ यांच्या राळेत फॉर्मल्डिहाइड असते, म्हणून ते मुलांना कापू देऊ नये.

पालकांनाच काही येत नसेल, तर वस्तीतील एखाद्या सुतारमिस्त्रीस रविवारी तासभर बोलवावे आणि शिकवणीच्या मास्तरांना देतो तितकेच मानधन न घासाघीस करता द्यावे. गणपतीला दोन महिने असताना आरंभ केला, तर मूर्तीखालचा पाट मुलांच्या हातून तयार होऊ शकतो. पहिल्या वर्षी तो डगमगेल. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवावी लागेल.